एकच शाळा, चार साक्षी : निवासी शाळेच्या आठवणी आणि उपकाराचे ओझे

सारांश

निवासी शाळेत शिकलेल्या लेखकांचे आठवणलेखन हे सामान्यतः ‘शाळेने विद्यार्थ्याला कसे घडवले’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचले जाते. प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील ईस्टबोर्न येथील सेंट सिप्रियन्स या एकाच शाळेत शिकलेल्या जॉर्ज ऑर्वेल, सिरिल कॉनली, गॅव्हिन मॅक्सवेल आणि हेन्री लाँगहर्स्ट या चार लेखकांच्या आठवणी शेजारीशेजारी ठेवून त्यांचा विचार केला आहे. शाळा एकच, तिच्या केंद्रस्थानी असलेली व्यक्तीही एकच. परंतु निवाडे मात्र परस्परविरोधी आहेत. या विरोधाचे मूळ केवळ लेखकांच्या स्वभावभेदात नसून शाळेने विद्यार्थ्याला कोणत्या अटीवर सामावून घेतले यात आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्या अनुषंगाने महाराष्ट्रातील वसतिगृह चळवळीने याच प्रश्नाला दिलेल्या वेगळ्या उत्तराकडेही लक्ष वेधले आहे.

बीजसंज्ञा : निवासी शाळा, आठवणलेखन, साक्ष, उपकार, हक्क, वसतिगृह

प्रस्तावना

माजी विद्यार्थ्यांचे आठवणलेखन हा शैक्षणिक संस्थांच्या परिचयाचा लेखनप्रकार आहे. संस्थेचा रौप्य वा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका निघते. तिच्यात माजी विद्यार्थी शिस्त, संस्कार, गुरुजनांचा दरारा आणि त्यामागील माया यांविषयी लिहितात. अशा लेखनात ‘आज मी जो काही आहे तो या शाळेमुळे’ या आशयाचे वाक्य जवळजवळ अनिवार्य असते. या विधानाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि स्मरणिकेसाठी कोण लिहितो आणि कोण लिहीत नाही, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्याला शाळेची आठवण नकोशी वाटते, तो मेळाव्याला येत नाही व लेखही पाठवत नाही. परिणामी, संस्थेच्या दप्तरी केवळ कृतज्ञ साक्षी जमा होतात.

निवासी शाळेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. दिवसाच्या शाळेतील मूल सायंकाळी घरी जाते आणि त्याच्या दोन जगांपैकी एक जग दुसऱ्याचा तोल सांभाळते. निवासी शाळेत मात्र जेवण, झोप, आजारपण, खेळ, शिक्षा आणि कौतुक या साऱ्या गोष्टी एकाच सत्तेच्या हाती असतात. त्यामुळे अशा शाळेची आठवण ही केवळ शिक्षणाची आठवण राहत नाही, तर एका संपूर्ण राज्यव्यवस्थेची आठवण बनते. ग्रॅहम ग्रीन यांनी 1934 मध्ये संपादित केलेल्या ‘द ओल्ड स्कूल’ या लेखसंग्रहात डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी आपल्या शाळेची तुलना फॅसिस्ट राज्याशी केली होती. ही तुलना अतिशयोक्त मानली, तरी ती लेखकाला सुचावी यातच निवासी शाळेच्या स्वरूपाविषयी काही सूचित होते.

एखाद्या शाळेविषयी एकच आठवण उपलब्ध असेल तर तिच्यातील शाळा किती व लेखक किती हे ठरवणे कठीण जाते. एकाच शाळेविषयी अनेक समर्थ लेखकांनी लिहिले असेल तर तुलनेला आधार मिळतो. सेंट सिप्रियन्स हे असे एक दुर्मिळ उदाहरण होय.

शाळा आणि तिचे साक्षीदार

सेंट सिप्रियन्स ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ईस्टबोर्न या गावी 1899 मध्ये स्थापन झालेली ‘प्रेप स्कूल’ होती. साधारणतः आठ ते तेरा वर्षे वयाच्या मुलांना ईटन, हॅरो यांसारख्या ‘पब्लिक स्कूल’साठी तयार करणे हे अशा शाळांचे काम. ‘पब्लिक’ हे विशेषण येथे फसवे आहे, कारण या शाळा खाजगी व महागड्या होत्या. सेंट सिप्रियन्स ही विल्क्स दांपत्याच्या मालकीची होती. मुख्याध्यापक पती असले, तरी शाळेचा कारभार सिसिली विल्क्स यांच्या मर्जीने चाले. मुलांनी त्यांना ‘फ्लिप’ असे टोपणनाव दिले होते. शाळेची इमारत 1939 मध्ये आगीत नष्ट झाली. सिसिली विल्क्स यांचे 1967 मध्ये निधन झाले.

एरिक ब्लेअर, म्हणजेच पुढे जॉर्ज ऑर्वेल या नावाने प्रसिद्ध झालेला लेखक, 1911 ते 1916 या काळात या शाळेत होता. त्याचा जन्म 1903 मध्ये बिहारमधील मोतीहारी येथे झाला होता आणि वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीस होते. सिरिल कॉनली हा त्याचा समवयस्क शाळासोबती. त्याने ‘एनिमीज ऑफ प्रॉमिस’ (1938) या ग्रंथाच्या अखेरच्या भागात आपल्या शालेय जीवनाची हकिकत लिहिली आणि शाळेला ‘सेंट वुल्फ्रिक्स’ असे कल्पित नाव दिले. कॉनलीच्या या लेखनाला जोड म्हणून ऑर्वेलने ‘सच, सच वेअर द जॉईज’ हा दीर्घ निबंध लिहिला. तो 1947 मध्ये त्याने आपले प्रकाशक फ्रेडरिक वॉरबर्ग यांच्याकडे पाठवला. पण अब्रुनुकसानीच्या भीतीमुळे तो छापणे शक्य नाही याची त्याला स्वतःलाच जाणीव होती. ऑर्वेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 1952 मध्ये, तो अमेरिकेतील ‘पार्टिझन रिव्ह्यू’मध्ये शाळेचे नाव ‘क्रॉसगेट्स’ असे बदलून छापला गेला. इंग्लंडमध्ये तो सिसिली विल्क्स यांच्या निधनानंतर, 1968 मध्येच प्रसिद्ध झाला.

उरलेले दोन साक्षीदार पुढच्या पिढीतील आहेत. निसर्गलेखक गॅव्हिन मॅक्सवेल याने ‘द हाऊस ऑफ एलरिग’ (1965) या बालपणाच्या आठवणींत या शाळेतील दुःखाचे चित्रण केले. याउलट, गोल्फविषयक लेखनासाठी प्रसिद्ध असलेल्या हेन्री लाँगहर्स्टने ‘माय लाईफ अँड सॉफ्ट टाईम्स’ (1971) या आत्मचरित्रात सिसिली विल्क्स यांच्याविषयी विलक्षण आदर व्यक्त केला. आपल्या आयुष्यात भेटलेल्या असामान्य व्यक्तींमध्ये त्याने त्यांना अग्रस्थान दिले आहे.

उपकाराचे ओझे : ऑर्वेलची साक्ष

ऑर्वेलच्या निबंधाचा आरंभ सर्वपरिचित आहे. शाळेत दाखल झाल्यानंतर थोड्याच दिवसांत आठ वर्षांचा मुलगा अंथरूण ओले करू लागतो. पुन्हा असे घडल्यास ‘सिक्स्थ फॉर्म’कडून, म्हणजे वरच्या वर्गातील मुलांकडून, मार देण्यात येईल, अशी धमकी त्याला दिली जाते. समोर घोडेस्वारीच्या पोशाखातील एक अनोळखी बाई बसलेली असते. मुलगा ‘सिक्स्थ फॉर्म’ हे शब्द ‘मिसेस फॉर्म’ असे ऐकतो आणि ही बाईच आपल्याला मारणार, अशी त्याची समजूत होते. पुढे मुख्याध्यापकाकडून छडी बसते. बाहेर आल्यावर तो सोबत्यांना ‘लागले नाही’ असे सांगतो, ते ऐकले जाते आणि दुसऱ्यांदा अधिक जोराने मार बसतो. या वेळी छडी मोडते आणि तिच्या मोडण्याचा दोषही मुलालाच दिला जातो.

या प्रसंगातील क्रौर्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु निबंधाच्या एकूण रचनेत या प्रसंगाचे महत्त्व वेगळे आहे. मार खाणारा मुलगा शाळेचा नियम चुकीचा आहे असे म्हणत नाही. अंथरूण ओले होणे आपल्या ताब्यात नाही हे त्याला कळते, आणि तरीही ते पाप आहे हेही त्याला मान्य असते. पाप हे आपण करतो असे नसून ते आपल्या बाबतीत घडते, आणि जेथे चांगले असणेच आपल्याला शक्य नाही अशा जगात आपण येऊन पडलो आहोत, ही जाणीव ऑर्वेलच्या मते मारापेक्षा अधिक खोल रुतली. निबंधाचा खरा विषय येथे प्रकट होतो. शाळेने मुलाला शिक्षा केली यापेक्षा शाळेची मूल्यव्यवस्था मुलाने आत घेतली, आणि त्या व्यवस्थेनुसार तो स्वतःच अपात्र ठरला, हे अधिक गंभीर आहे.

ही अपात्रता कोठून येते, याचे उत्तर ऑर्वेल पैशाच्या भाषेत देतो. त्याला कमी शुल्कात प्रवेश देण्यात आला होता. शिष्यवृत्ती मिळवून शाळेचे नाव उज्ज्वल करील अशा हुशार मुलावर केलेली ती गुंतवणूक होती. सुमारे अकराव्या वर्षापर्यंत त्याला याची कल्पना नव्हती. त्यानंतर मात्र ही गोष्ट त्याला वारंवार ऐकवली जाऊ लागली. आपण मुख्याध्यापकांच्या मेहेरबानीवर जगतो आहोत, हे त्याला सांगितले गेले. श्रीमंत घरच्या मुलांना मधल्या वेळी दूध व बिस्किटे मिळत, त्यांना घोडेस्वारी शिकवली जाई आणि फ्लिप त्यांना पहिल्या नावाने हाक मारी. ज्यांच्या वडिलांचे वार्षिक उत्पन्न 2,000 पौंडांहून बरेच अधिक होते, त्यांना छडी बसल्याचे ऑर्वेलला फारसे आठवत नाही. वाढदिवसाला प्रत्येक मुलाच्या नावाने केक येई आणि तो चहाच्या वेळी सर्वांत वाटला जाई. ऑर्वेलच्या नावाने तो कधीच आला नाही, जरी त्याच्या आईवडिलांनी त्याचे पैसे आनंदाने दिले असते. क्रिकेटची बॅट मागितली असता ती त्याच्या घरच्यांना परवडणार नाही, असे शाळेनेच परस्पर ठरवून टाकले.

केक आणि बॅट हे तपशील क्षुल्लक वाटतात. परंतु निबंधाचा सारा भार त्यांच्यावर उभा आहे. येथे मुलाला वस्तू नाकारली जाते, आणि त्याचबरोबर त्याची पायरीही दाखवून दिली जाते. शुल्कसवलत हा पालक व शाळा यांच्यातील व्यवहार असताना त्याचे रूपांतर मुलाच्या वैयक्तिक ऋणात केले जाते. ज्या ऋणाची रक्कम ठाऊक नाही आणि जे कधी फिटले हे सांगणारे कोणी नाही, असे हे ऋण आहे. मुलाला कृतज्ञ राहावे असे वाटते, पण तो मनोमन द्वेष करतो आणि या द्वेषाबद्दल स्वतःलाच दोषी मानतो. आपल्यावर उपकार करणाऱ्यांचा आपण तिरस्कार करतो, म्हणजे आपण वाईट आहोत, हा निष्कर्ष काढणाऱ्या मुलाची कोंडी ऑर्वेलने ज्या स्पष्टतेने मांडली आहे, तशी ती शालेय आठवणींच्या साहित्यात क्वचितच आढळते.

मर्जीचा दरबार : कॉनलीची साक्ष

कॉनलीने याच शाळेकडे वेगळ्या कोनातून पाहिले आहे. त्याच्या लेखनात शाळा हा एक दरबार आहे. फ्लिप ही त्या दरबारातील लहरी सम्राज्ञी असून तिच्या मर्जीत असणे व मर्जीतून उतरणे हाच मुलांच्या जीवनाचा चढउतार आहे. एलिझाबेथ राणीच्या दरबाराशी केलेली तुलना कॉनलीच्या विनोदी शैलीला साजेशी आहे. तो या खेळाचे नियम लवकर शिकला. कोणाला कसे हसवावे आणि कधी नमते घ्यावे हे त्याने जाणले. ऑर्वेलविषयी त्याने नोंदवलेले निरीक्षण लक्षणीय आहे. आपले बंड नाटकी होते, ऑर्वेलचे मात्र खरे होते, असे तो मान्य करतो.

दोन साक्षींतील साम्य येथे नजरेत भरते. ऑर्वेल ज्याला मेहेरबानी म्हणतो आणि कॉनली ज्याला मर्जी म्हणतो, त्या एकाच सत्तेच्या दोन बाजू आहेत. दोघांच्याही वर्णनात शाळा नियमांवर चालत नाही. ती एका व्यक्तीच्या प्रसन्नतेवर वा अप्रसन्नतेवर चालते. फरक इतकाच की कॉनली या दरबारातील खेळाडू आहे आणि ऑर्वेल त्याच दरबारातील ऋणको. खेळाडू हरला तरी पुन्हा खेळू शकतो. ऋणकोला ती मुभा नसते. म्हणूनच कॉनलीच्या लेखनाला उपहासाचा सूर सापडला आणि ऑर्वेलच्या लेखनाला आरोपपत्राचा.

कॉनलीच्या साक्षीला उत्तरार्धही आहे. ‘एनिमीज ऑफ प्रॉमिस’ प्रसिद्ध झाल्यानंतर सिसिली विल्क्स यांनी त्याला दुखावलेल्या मनाने पत्र लिहिले. पुढे आईवडिलांच्या निधनानंतर आपली जुनी पत्रे व शाळेचे प्रगतिअहवाल त्याच्या हाती आले. ते वाचल्यावर आपण विल्क्स दांपत्यावर अन्याय केला, त्यांच्या उत्साहाला आपण स्वार्थाचा रंग दिला, अशी कबुली त्याने दिली. ‘द इव्हनिंग कॉलोनेड’ (1973) या लेखसंग्रहात हा फेरविचार समाविष्ट आहे. वयाच्या पस्तिशीतील निवाडा साठीनंतर बदलतो, ही गोष्ट आठवणलेखनाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. मात्र हा फेरविचार म्हणजे ऑर्वेलच्या साक्षीचे खंडन नव्हे. कॉनलीला सापडलेली कागदपत्रे कॉनलीविषयी होती. शाळा त्याच्याशी ममतेने वागली असेल, तर त्यावरून ती सर्वांशी तशीच वागली असे सिद्ध होत नाही. मर्जीवर चालणाऱ्या व्यवस्थेचा तर तो स्वभावच आहे.

स्तुती आणि दुःख : लाँगहर्स्ट व मॅक्सवेल

लाँगहर्स्टची साक्ष सहज बाजूला सारता येत नाही. तो भाबडा लेखक नाही आणि त्याची स्तुती स्मरणिकेसाठी मागवलेली नाही. सिसिली विल्क्स यांच्या व्यक्तिमत्त्वाचा जो प्रभाव तो वर्णन करतो, तो ऑर्वेलच्या वर्णनातही उलट चिन्हासह उपस्थित आहे. भोवतालच्या प्रत्येक मुलाच्या मनात कायमचे घर करून राहील असे सामर्थ्य त्या बाईंच्या ठायी होते, याबाबत दोघांचे दुमत नाही. एकाला ते सामर्थ्य आधार वाटले, दुसऱ्याला दहशत.

मॅक्सवेलची साक्ष मात्र प्रस्तुत लेखातील प्रतिपादनाची परीक्षा पाहणारी आहे. तो उमराव घराण्यातील होता. त्याच्या आईचे वडील नॉर्थम्बरलँडचे ड्यूक होते. ऑर्वेलच्या हिशेबानुसार अशा मुलाला शाळा सुखाची वाटावयास हवी होती. तसे झाले नाही. स्कॉटलंडमधील मोकळ्या माळरानावर वाढलेल्या या मुलाला शाळेतील जीवन असह्य झाले. यावरून सर्व दुःखाचे मूळ शुल्कसवलतीत होते हा निष्कर्ष टिकत नाही, हे मान्य करावे लागते. घरापासून तुटण्याचे दुःख वर्गभेद जाणत नाही. परंतु मॅक्सवेलचे दुःख आणि ऑर्वेलचे दुःख यांच्या जातीत फरक आहे. मॅक्सवेलला शाळा नकोशी होती आणि घर हवेसे होते. त्याच्या दुःखाला जाण्यासाठी एक जागा होती. ऑर्वेलला शाळेने घरीही नीटपणे परतू दिले नाही, कारण घरच्यांची आर्थिक स्थिती हीच त्याची लाज बनवली गेली होती. पहिले दुःख विरहाचे आहे आणि दुसरे अवमानाचे. आठवणलेखनाच्या चर्चेत ही दोन दुःखे एकाच सदरात टाकली जातात, तेव्हा दुसऱ्याचे सामाजिक कारण दृष्टिआड होते.

सत्यतेचा प्रश्न

ऑर्वेलच्या निबंधाच्या सत्यतेविषयी दीर्घकाळ वाद झाला आहे. बर्नार्ड क्रिक यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात या निबंधाकडे सावधपणे पाहिले. त्यातील काही प्रसंग लेखकाच्या स्वतःच्या बाबतीत घडले की त्याने ते दुसऱ्याच्या बाबतीत पाहिले, अशी शंका त्यांनी उपस्थित केली. ऑर्वेलची बालमैत्रीण जॅसिंथा बडिकम हिने ‘एरिक अँड अस’ (1974) या पुस्तकात सुट्टीतील एरिक हा आनंदी मुलगा असल्याचे सांगितले. शाळेतून त्याने घरी पाठवलेल्या पत्रांतही गुण, खेळ आणि खुशाली यांखेरीज तक्रारीचा सूर नाही. शिवाय 1914 नंतर महायुद्धामुळे अन्नाची जी टंचाई निर्माण झाली, तिचा दोष शाळेला कितपत द्यावा, हाही प्रश्न आहे.

या आक्षेपांचा विचार करताना पुराव्याचे स्वरूप लक्षात घेणे आवश्यक आहे. निवासी शाळेतील मुले घरी पत्रे लिहीत ती बहुधा शिक्षकांच्या देखरेखीखाली. अशा पत्रातील खुशाली ही सुखाची साक्ष नसून देखरेखीची साक्ष असू शकते. सुट्टीतील आनंदाबद्दलही तसेच म्हणता येईल. सुट्टीत मूल आनंदी होते यावरून ते शाळेत आनंदी होते असे ठरत नाही. उलट अर्थही संभवतो. क्रिक यांची शंका अधिक वजनदार आहे, परंतु तीही निबंधाच्या मर्माला स्पर्श करीत नाही. छडी कोणाच्या पाठीवर मोडली याबाबत लेखकाची स्मृती चुकली असेल. मेहेरबानीची भाषा, बॅट व केक यांचा हिशेब आणि त्यातून आलेली अपराधी भावना यांचा पाया मात्र त्या एका प्रसंगावर अवलंबून नाही.

विशेष म्हणजे ऑर्वेलने हा प्रश्न टाळलेला नाही. निबंधाच्या अखेरीस तो स्वतःच्या साक्षीची मर्यादा सांगतो. मुलाचे जग प्रौढाला आतून दिसत नाही, आपल्या काळातील शाळा व आजची शाळा यांत फरक पडला असावा, आणि शाळेविषयीचा आपला द्वेषही आता ओसरला आहे, असे तो लिहितो. शाळा जळाल्याची वार्ता खरी असावी अशी इच्छा करण्याइतकेही वैर आता उरले नसल्याचे तो नोंदवतो. आरोपपत्राच्या शेवटी आरोपीविषयीचे वैर संपल्याचे सांगणारा फिर्यादी अधिक विश्वासार्ह ठरतो.

‘घडवणे’ या क्रियापदाची दिशा

अँथनी वेस्ट या समीक्षकाने ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (1949) या कादंबरीतील दहशतीचे मूळ सेंट सिप्रियन्समध्ये शोधले. सर्वत्र पाळत, अगम्य अपराध, छळ करणाऱ्यावरच प्रेम करण्याची सक्ती ही साम्ये खरोखरच लक्षवेधी आहेत. तथापि असे वाचन एका मोठ्या राजकीय कादंबरीचे रूपांतर बालपणीच्या जखमेत करून टाकते. शाळा आणि कादंबरी यांच्या दरम्यान 1922 ते 1927 ही ब्रह्मदेशातील पोलीस खात्यातील नोकरी आहे, 1936 मध्ये उत्तर इंग्लंडमधील खाणकामगारांच्या वस्तीतील वास्तव्य आहे आणि त्यानंतरचे स्पेनचे यादवी युद्ध आहे. सत्ता म्हणजे काय हे ऑर्वेल या साऱ्या अनुभवांतून शिकला आणि ते शिकलेले डोळे घेऊन तो शाळेकडे परतला.

म्हणजेच ‘शाळेने लेखकाला घडवले’ हे वाक्य जितके खरे आहे, तितकेच ‘लेखकाने आठवणीत शाळा घडवली’ हेही खरे आहे. आठ वर्षांच्या मुलाजवळ अपमान होता, पण त्याला नाव नव्हते. चाळिशीतील लेखकाजवळ वर्ग, सत्ता, विशेषाधिकार हे शब्द आले तेव्हा त्या अपमानाला नाव मिळाले. यास स्मृतीचा विपर्यास म्हणणे अन्यायाचे होईल. जे घडत असताना सांगता येत नाही, ते सांगण्यासाठी लागणारी भाषा मिळेपर्यंत वाट पाहणे हेच आठवणलेखनाचे स्वरूप आहे.

महाराष्ट्रातील वसतिगृहे : एक वेगळे उत्तर

गरीब मुलाला कोणत्या अटीवर निवारा द्यावा, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रासमोरही होता. सेंट सिप्रियन्ससमोर तो शिष्यवृत्ती मिळवू शकणाऱ्या थोड्या मुलांपुरता होता. येथे तो हजारोंचा होता. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना केली आणि त्यानंतर निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. त्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी 1908 मध्ये सुरू झालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगचाही समावेश होतो. ही मदत राजाश्रयाची असली तरी ती प्रामुख्याने संस्थेला दिलेली होती. एकेका मुलाला वेगळे काढून त्याच्या हाती ऋणपत्र देण्याची तिची रीत नव्हती.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यास बोर्डिंग सुरू केले. महात्मा गांधींनी 1927 मध्ये त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपली कामे आपणच करीत. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाकडे सामान्यतः काटकसरीची योजना म्हणून पाहिले जाते. सेंट सिप्रियन्सच्या साक्षींनंतर त्याचा दुसरा अर्थ ठळक होतो. जो मुलगा स्वतःच्या श्रमाने आपल्या भाकरीत भर घालतो, त्याला ती भाकर कोणी मेहेरबानी म्हणून ऐकवू शकत नाही. पंक्तीत सर्वांच्याच ताटात तीच भाकर असल्यामुळे सवलतीचा मुलगा व शुल्काचा मुलगा असा भेदही उरत नाही.

अर्थात महाराष्ट्रातील प्रत्येक वसतिगृह असे होते, असा दावा करता येणार नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ (1978), प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (1979), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980) आणि शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (1984) या आत्मकथनांत शिक्षण व भूक हे दोन धागे सुटे करता येत नाहीत. तेथे शिकण्याची संधी ही मुक्तीची वाट आहे आणि तीच अनेकदा जातीच्या अपमानाचीही जागा आहे. इंग्रजी आठवणींतील मूल घरच्या सुबत्तेतून वा बेताच्या सुखातून शाळेतील थंडीत जाते. येथील मूल घरच्या उपासातून शिक्षणाकडे येते. म्हणून ‘बोर्डिंग’ हा शब्द दोन्हीकडे एक असला तरी त्यामागील अनुभव एक नाही, आणि इंग्रजी समीक्षेचे निकष या आत्मकथनांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. दोहोंना समान असणारा प्रश्न एकच : ज्याला दिले जाते, त्याला ते कसे दिले जाते?

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

1. निवासी शाळेच्या आठवणी हा शाळेविषयीचा थेट पुरावा नसून विद्यार्थी व शाळा यांच्यातील नात्याविषयीचा पुरावा होय. त्यामुळे एकाच शाळेच्या दोन विरोधी साक्षी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

2. सेंट सिप्रियन्सच्या चारही साक्षींत मतभेद असले तरी त्यांतील शाळेचे केंद्र एकच आहे. एका व्यक्तीच्या मर्जीवर चालणारी व्यवस्था काहींना भक्त बनवते, काहींना खेळाडू व काहींना बंडखोर. तटस्थ माजी विद्यार्थी मात्र तिच्यातून क्वचितच बाहेर पडतो.

3. विरहाचे दुःख आणि अवमानाचे दुःख यांत भेद करणे समीक्षेसाठी आवश्यक आहे. ऑर्वेलच्या निबंधाचे वेगळेपण दुसऱ्या दुःखाच्या विश्लेषणात आहे.

4. लेखकाच्या नंतरच्या जीवनाने त्याच्या आठवणीला आकार दिला, म्हणून ती आठवण खोटी ठरत नाही. निवाडा कालांतराने बदलू शकतो, हे कॉनलीच्या फेरविचारावरून स्पष्ट होते. परंतु एकाचा फेरविचार दुसऱ्याची साक्ष रद्द करीत नाही.

5. सवलत ही हक्काच्या वा श्रमाच्या रूपाने मिळाली तर विद्यार्थ्यावर वैयक्तिक उपकाराचे ओझे राहत नाही. साताऱ्याच्या बोर्डिंगमागील विचाराचे महत्त्व या दृष्टीने पुन्हा तपासले जाणे अगत्याचे आहे.

समारोप

ऑर्वेलच्या निबंधाकडे इंग्लंडमधील एका जळून गेलेल्या शाळेची हकिकत म्हणून पाहणे सोयीचे आहे. परंतु शुल्कसवलतीचे अर्ज, सूचनाफलकावर लागणाऱ्या सवलतधारकांच्या याद्या, कार्यालयाच्या खिडकीशी उंचावलेला आवाज आणि वसतिगृहातील प्रवेशासाठी घ्यावी लागणारी शिफारस या गोष्टी महाविद्यालयीन जीवनात अपरिचित नाहीत. त्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी काही देत असते आणि कोणीतरी ते घेत असते. देणाऱ्याला तो प्रसंग सायंकाळपर्यंतही आठवत नाही. सेंट सिप्रियन्समध्ये नाकारलेली एक बॅट आणि न आलेला एक केक तीस वर्षांनंतरही घेणाऱ्याच्या स्मरणात होते. संस्थेच्या स्मरणिकेत कोणाचे लेख आले आहेत याबरोबरच कोणाचे आले नाहीत, हे पाहण्याची सवय शिक्षकवर्गाने लावून घेतली, तर आपल्या संस्थांचे अधिक खरे चित्र हाती येईल.